कमरेच्या वर चार बोटं

४ ऑगस्ट, सोमवार. मांदुवे

वारा आग्नेयेकडून, हलका. आकाश कोरडं.

ही वही पुढून कार्यालयाची आहे, मागून उघडली की माझी. मेहुणी जेनेरोझा म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बोलत नाही त्याची आम्हाला सवय झालीय. पण निदान कुठे लिहा तरी." मी म्हटलं, काय लिहू? ती म्हणाली, "रोज लिहिता तेच. वारा कुठून आला ते लिहा. पुढचं आपोआप येतं."

वारा लिहून झाला. पुढचं आलेलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

वारा तोच.

लुसिंडाला जाऊन काल आठ आठवडे झाले. तिच्या प्रार्थनासभेच्या वेळी मी चर्चच्या छताचे स्क्रू मोजले. पत्र्याच्या दर तिसऱ्या लाटेवर एक आहे, दर दुसरीवर हवा. मोठ्या वादळात दक्षिणेचा कोपरा आधी उचलला जाईल. पाद्रींना मी हे सांगितलं नाही. लुसिंडा असती तर तिने मला कोपराने ढोसून सांगायला लावलं असतं, किंवा स्वतःच सांगितलं असतं.

बैराच्या कार्यालयात मी एकवीस वर्षं हेच करतो. कोणतं घर वाऱ्यात टिकेल आणि कोणतं पाण्यात, ते बघून लिहितो. सध्या मांदुव्याला आहे. हे लुसिंडाचं माहेर. बाजाररस्त्यावर चौसष्ट घरं आहेत. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात ज्या घरापाशी एक मीटर किंवा जास्त पाणी होतं, ते घर ऑक्टोबरच्या आत पाडायचं आणि माणसांनी नऊ किलोमीटरवरच्या टेकडीवर जायचं. कमी असेल तर राहायचं. यादी माझ्याच त्या वेळच्या नोंदींवरून झाली आहे. मला फक्त नोटिसा लावायच्या आहेत. ते कारकुनाचं काम आहे, पण आमचे साहेब अर्मिंदो म्हणाले, तुम्हीच जा, हवापालट होईल.

हवा इथेही आग्नेयेचीच आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज बेकरीवर नोटीस लावली. म्हणजे लावायला गेलो.

बेकरी एर्मेलिंदाबाईंची. वय साठीच्या पुढे, दंड माझ्या मांडीएवढे. बाजाररस्त्यावरचा सगळा पाव त्यांच्याकडचा. विटांची भट्टी त्यांच्या वडिलांनी बांधलेली, माझ्या अंदाजाने अकरा टनांची. ती टेकडीवर नेता येणार नाही. तिथे नवी बांधायची तर तसला मिस्त्री आता उरलेला नाही.

त्यांनी नोटीस पिठाच्या हातांनी घेतली आणि मोठ्याने वाचली. रांगेत नऊ माणसं होती.

"एक मीटर आठ. हे कोणी मोजलं, इंजिनियर?"

"नोंद आहे."

"पाणी कमरेपर्यंत होतं. वर चार बोटं."

"कमर म्हणजे एक मीटर. चार बोटं म्हणजे आठ सेंटिमीटर. एक मीटर आठ."

"कोणाची कमर?"

"सरासरी माणसाची. कार्यालयाचा तक्ता आहे."

"हा सरासरी माणूस राहतो कुठे? मला बोलायचंय त्याच्याशी."

रांगेतले हसले. मी नोटीस परत मागितली, कारण ती ओली झाली होती. त्या सोडेनात. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लुसिंडा विचारायला आली तेव्हा मी माझी कमर नव्हती दाखवली. तिच्या पोटावर हात ठेवून सांगितलं होतं, इथपर्यंत, आणि वर चार बोटं. तीच म्हणाली, माझ्यावर दाखवा, नाहीतर प्रत्येकाची कमर वेगळी. आमच्यात तुझ्या बायकोएवढं बुटकं कोण होतं, बाबा?"

मी म्हटलं, बघतो. त्यांनी दोन पाव कागदात बांधून दिले. मी मागितले नव्हते.

१० ऑगस्ट, रविवार. बैरा

त्या पुराच्या वेळची नोंदवही शोधायला घरी आलो. पत्र्याच्या पेटीत सापडली.

झालं होतं असं. पूर ओसरला त्या आठवड्यात आम्ही मांदुव्याला पोचलो. आकड्यांची काठी होडीतून उतरवताना वाहून गेली. त्याच दिवशी मला मलेरियाने धरलं आणि मी मिशनच्या खोलीत पडलो. लुसिंडा शाळेत शिकवायची आणि सुट्टी असली की माझ्याबरोबर मोजणीला यायची. तिला फिरायला आवडायचं, असं मला वाटतं. ती म्हणाली, तू झोप, मी विचारून येते. तीन दिवसांत एकटीने चौसष्ट घरं केली. मी पलंगावर बसून तिच्या नोंदींचे सेंटिमीटर केले. घोटा दहा, गुडघा पन्नास, कमर शंभर, छाती एकशे पंचवीस, हनुवटी एकशे चाळीस.

आज वहीचं पुठ्ठ्याच्या आतलं पान पाहिलं. तिथे तिच्या अक्षरात आहे: "सगळं माझ्या अंगावर मोजलंय. फिर्मिनोला सांगायचं."

मी तेव्हा तिसऱ्या पानापासून सुरुवात केली होती, कारण तक्ता तिसऱ्या पानापासून होता.

तिने सांगितलंही असेल.

११ ऑगस्ट, सोमवार. बैरा

साहेबांना सांगितलं की माझी चूक झाली आहे, चौसष्ट आकडे जास्त लागले आहेत.

"किती जास्त?"

"ते तिची कमर जमिनीपासून किती उंचीवर होती त्यावर आहे."

"मग मोजा ना," साहेब म्हणाले. नंतर बराच वेळ पेन शोधत राहिले. पेन त्यांच्या हातातच होतं. "माफ करा, फिर्मिनो. पण तीस सप्टेंबरच्या आत करा. पुनर्वसनाचा आयोग आकड्याशिवाय ऐकणार नाही."

संध्याकाळी फोटो काढून बसलो. एकवीस वर्षांत ती बरोबर होती त्या मोजण्यांचे फोटो आहेत, सगळ्यांत काठी आहे, आणि काठी नेहमी तीच धरायची. तेव्हा हे सोपं असेल असं वाटलं. पण कार्यालयाला फोटोत भिंत हवी असते आणि काठी. काठी धरणारा माणूस नको असतो. मी दर वेळी म्हणायचो, जरा बाजूला हो. ती व्हायची. चारशे बारा फोटो पाहिले. तिचा हात सगळ्यांत आहे. बहुतेक मनगटापर्यंत, काही कोपरापर्यंत. एकात तिच्या कापुलानाचं, कमरेला गुंडाळायच्या कापडाचं, टोक वाऱ्याने आत आलंय. मागे मी लिहिलंय: "वारा ताशी तीसच्या आसपास."

१३ ऑगस्ट, बुधवार. मांदुवे

बातमी माझ्याआधी पोचली होती. जेनेरोझा म्हणते तिने कोणालाच सांगितलं नाही, फक्त पाण्याच्या नळावर बोलली.

आता अर्धा रस्ता म्हणतो लुसिंडा एवढीशी होती, अर्धा म्हणतो चांगली उंच होती. आधी मला वाटलं लोकांची आठवण कच्ची आहे. मग यादी काढून बघितली. ज्यांना राहायचंय त्यांना ती बुटकी आठवते. ज्यांना टेकडीवरचा प्लॉट हवाय त्यांना उंच.

उंचवाल्यांचा पुढारी झाकारियास. सायकली दुरुस्त करतो. टेकडीवरचा त्याचा प्लॉट हमरस्त्याला लागून आहे, तिथून मालवाहू गाड्या जातात, आणि त्याला सायकलींचा कंटाळा आलाय. त्याच्या घरासमोर नोंद आहे "कमर". तक्त्याने शंभर. शंभर म्हणजे त्याचा प्लॉट पक्का.

"लुसिंडाताई? उंच बाई," तो बेकरीच्या रांगेत उभा राहून सांगत होता. "माझ्या दुकानात वाकून यायची."

"तुझ्या दुकानात कोंबडीसुद्धा वाकून येते," एर्मेलिंदा म्हणाल्या. "माझ्या फळीच्या वर तिचं नुसतं कपाळ दिसायचं. मी कपाळाला पाव विकलाय वीस वर्षं."

"तिची चाल उंच माणसाची होती."

"चाल मोजतात का रे? इंजिनियर, चाल मोजतात?"

मी नाही म्हटलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कळलं की तिची उंची मलाच माहीत असणार असं त्यांना वाटतंय. मी दोन पाव घेतले आणि निघालो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जेनेरोझाला भिंतीशी उभं करून टेपने मोजलं. दोघी बहिणी सारख्याच, असं मी धरून चाललो होतो. कमर ९३.

"पण मी तिच्यापेक्षा उंच आहे," जेनेरोझा म्हणाली.

"किती?"

"बरीच."

"लुसिंडा म्हणायची ती तुझ्यापेक्षा उंच आहे."

"ती मोठी होती भाऊजी. उंच नव्हती. ती दोन्ही एकच धरायची."

बेकरीची चार बोटं लुसिंडाच्या बारीक हाताची धरली तर सात सेंटिमीटर. ९३ आणि ७ म्हणजे बरोबर शंभर, म्हणजे बेकरी पडली. ९२ असेल तर बेकरी राहिली. एका सेंटिमीटरचा प्रश्न आहे, आणि साक्षीदार म्हणून दोन बहिणींचं भांडण. तेही तीस वर्षं जुनं, आणि आता एकाच बाजूने चालू असलेलं. आयोगापुढे हे ठेवता येणार नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

वारा नाही. सकाळी नदीकाठी बसलो होतो. पाणी सपाट होतं.

पाणी सपाट असतं. हे मला एकवीस वर्षं माहीत आहे आणि आज सुचलं. पुराचं पाणी इथे चार दिवस न हलता उभं होतं, म्हणजे चौसष्ट घरांपुढे पाण्याची पातळी एकच होती. उंचसखल होती ती जमीन. जमीन अजून आहे. दारापुढची जमीन पातळी मोजायच्या दुर्बिणीने मोजत गेलो, की जिथे वहीत "गुडघा" आहे आणि जिथे "कमर" आहे, त्या दोन जमिनींतला फरक म्हणजे तिच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं अंतर. रस्त्याच्या वरच्या टोकाला चर्चपाशी तीन घरांपुढे वहीत "पायाची बोटं ओली" आहे. तिथे जवळजवळ शून्य. तिथपर्यंत पोचलो की सगळे आकडे जाग्यावर बसतील.

भिंतींवरच्या खुणा लोकांनी घासून चुना लावून कधीच मिटवल्यात. जमीन मात्र कोणी घासलेली नाही.

जेनेरोझाला विचारलं, काठी धरशील का? म्हणाली, "छत्री धरून चालेल?"

१८ ऑगस्ट, सोमवार

नदीच्या टोकापासून सुरुवात केली. आज पाच घरं.

कार्यालयाची दुर्बीण जुनी आहे, तिच्यात सगळं उलटं दिसतं. झाकारियास मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आकडे तुम्हीच बघणार, तुम्हीच लिहिणार, आणि पाव तुम्ही बेकरीतून खाता. मला राग आला. मग वाटलं, बरोबर आहे त्याचं. मी त्याला म्हटलं, तूच बघ आणि तूच आकडा सांग. मी नुसता लिहितो.

त्याने डोळा लावला. "जेनेरोझा डोक्यावर उभी आहे."

"आकडा सांग."

"छत्रीसकट डोक्यावर उभी आहे. आणि तरी बोलतेय."

दुपारपर्यंत त्याला जमायला लागलं. सायकलीच्या चाकाचा बाक बघणारा डोळा आहे, अर्धा सेंटिमीटर चुकत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज सात. एकूण एकोणीस.

प्रत्येक दारापुढे मी वहीतली नोंद वाचून खात्री करून घेतो, म्हणून शेऱ्याचा रकानाही वाचावा लागतो. तेव्हा मी तो सोडून दिला होता, त्यात मापं नव्हती. घर अकरा: "हनुवटी. कोंबडी छपरावर वाचली, मालक तिच्याशी बोलतो, आमच्याशी नाही." घर चौदा: "छाती. म्हातारी म्हणते छातीच्या खाली, पण माझी छाती बघून लाजली, म्हणून नीट दाखवलं नसेल." घर सोळा: "हनुवटी. चहा दिला. साखर पुरात गेली असं सांगून तीन चमचे घातली."

घर अकराचा मालक अजून आहे, कोंबडी नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा तो इतका हसला की झाकारियासचा आकडा चुकला, आम्हाला पुन्हा घ्यावा लागला. मग त्याने अर्धा तास लुसिंडाने छपरावरून कोंबडी कशी उतरवली ते सांगितलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. ती खोलीवर परत यायची तेव्हा मला ताप असायचा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांचा फोन.

"फिर्मिनो, पाणी सपाट असतं हे मान्य. मग वरची ती तीन घरं घ्यायची आणि बेकरी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुम्ही आठ दिवस काय करताय?"

मी म्हटलं, एकदोन खुणांवर विसंबू नये. चौसष्ट खुणा असल्या तर एकमेकींच्या चुका भरून निघतात.

"किती झाली?"

"पस्तीस."

"आणि बाकीची एकोणतीस करायचीच?"

"तांत्रिकदृष्ट्या गरज आहे."

ते म्हणाले, "बरं. करा. जेवता ना?"

कार्यालयात हल्ली सगळेच मला हे विचारतात. जेवतो. जेनेरोझा सुकी मासळी आणि मक्याच्या पिठाचा शिमा वाढते आणि ताट संपेपर्यंत समोर बसून राहते. तिला दुसरं काम नसावं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी.

बेकरी राहावी असं मला वाटतं. ज्याला असं वाटतं त्याने मोजू नये. आकडा शंभराच्या खाली आला तर एर्मेलिंदा आणि त्यांची भट्टी पाण्याच्या हद्दीत राहतील, आणि पुढचा पूर मागच्याएवढाच येईल असं कुठे लिहिलेलं नाही. मी आजवर लोकांना घरातून काढलं तेव्हा नीट झोपलो, कारण जास्त सावध राहण्याने कोणी बुडत नाही. पहिल्यांदाच आकडा खाली आणायला निघालोय.

हे एर्मेलिंदांना सांगितलं. सहसा मी असं कोणाला सांगत नाही. त्या कणीक तिंबत होत्या.

"म्हणजे तुला भीती कसली, मी बुडेन याची?"

"हो."

"मागच्या वेळी मी पिठाच्या पेटाऱ्यावर उभी राहून चार दिवस काढले. भट्टी विझली तेवढं वाईट वाटलं. इंजिनियर, तू मला खरं काय ते सांग. शंभराच्या वर निघालं तर मी जाईन. शिव्या देईन, पण जाईन. सरासरी माणसासाठी मात्र मी जाणार नाही."

मग म्हणाल्या, उभा राहून काय बोलतोस, बस. मी बसलो. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज वरची तीन घरं झाली. चौसष्ट पूर्ण.

दुपारी जेनेरोझाच्या ओट्यावर बसून गणित केलं. झाकारियास एका बाजूला, एर्मेलिंदा दुसऱ्या बाजूला, दोघांनीही प्रत्येक बेरीज तपासली. एर्मेलिंदांनी दोनदा चूक काढली. त्यातली एक चूक खरी होती.

घोटा सात. गुडघा चाळीस. कमर नव्वद. छाती एकशे आठ. हनुवटी एकशे एकोणतीस. होडीवाल्याच्या घरापुढे वहीत "टाळूला टेकलं" आहे, तिथून पूर्ण उंची एकशे एकोणपन्नास. सगळ्यांत फरक दोन सेंटिमीटरच्या आत.

मी ते एकाखाली एक लिहिले. मग जेनेरोझा म्हणाली, "एकशे एकोणपन्नास. मी एकशे त्रेपन्न आहे. मी सांगत होते." आणि आत गेली, आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिली.

मी लुसिंडाला एकशे पंचावन्न धरून चालत होतो, एकतीस वर्षं.

बेकरीपुढे पाणी सत्त्याण्णव सेंटिमीटर होतं.

झाकारियासच्या घरापुढे नव्वद. त्याचा प्लॉट गेला. त्याने कागद स्वतःकडे ओढला. मी म्हटलं, तुला तपासायचं असेल तर पुन्हा मोजू.

"मीच तर बघितलेत सगळे आकडे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला शिव्या घालू?" मग उठताना म्हणाला, "पण तिची चाल उंच माणसाची होती, इंजिनियर. ते लिहून ठेवा कुठेतरी."

लिहिलं.

१० सप्टेंबर, बुधवार. बैरा

अहवाल लिहितोय. पहिल्या परिच्छेदात चूक माझी, हे लिहिलं. एकेचाळीस घरं जाणार होती, आता बावीस जातील. एकोणीस राहतील. त्या एकोणिसांना अट घातली आहे: जमीन पन्नास सेंटिमीटर उंच करायची, पत्र्याला दर दुसऱ्या लाटेवर स्क्रू, आणि आत माळा, माणसांना चार दिवस बसता येईल एवढा. पुढचा पूर मोठा असू शकतो, हेही लिहिलं. ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्यावं, अशीही एक ओळ घातली आहे. तिचा उपयोग होईल असं वाटत नाही.

चर्चच्या छताबद्दल पाद्रींना पत्र पाठवलं. खूप आधी पाठवायला हवं होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार. बैरा

साहेबांनी बोलावलं. अहवालाच्या शेवटचा छापील तक्ता त्यांच्यापुढे होता.

"हे काय आहे? 'मूळ मोजणीचं साधन' या रकान्यात तुम्ही माणसाचं नाव लिहिलंय."

"मूळ मोजणी तिच्यावर झाली."

"तिथे काठी लिहा. दुर्बीण लिहा. आयोगाला तेच लागतं."

"काठी वाहून गेली होती. दुर्बीण यंदाची आहे."

"'अचूकता' मध्ये अधिक-उणे दोन सेंटिमीटर लिहिलंय."

"तेवढीच निघाली. चौसष्ट ठिकाणी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मागे त्या पुलाच्या कामात आपल्या नव्या यंत्राची पाच निघाली होती."

"हो."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मला वाटलं खोडायला सांगतायत. म्हणाले, "मग पूर्ण नाव लिहा. नुसतं लुसिंडा काय? या फायली पन्नास वर्षं राहतात."

लुसिंडा मारिया तोमो सांदे, असं लिहिलं. जागा कमी पडली, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

२९ सप्टेंबर, सोमवार. बैरा

आयोगाने मान्य केलं. एकोणीस घरं राहतात. साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं आणि दारातच उभे राहिले. जेवता ना, असं विचारलं नाही. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नदीपलीकडच्या शाळांची मोजणी आहे. जाल का?" मी म्हटलं, काठी धरायला कोणीतरी लागेल. ते म्हणाले, "मांदुव्याच्या एका बाईचा अर्ज आलाय. त्यात लिहिलंय, स्वतःची छत्री आहे."

४ ऑक्टोबर, शनिवार. मांदुवे

वारा पूर्वेकडून, दमट. पाऊस महिन्याभरावर.

बेकरीची जमीन उंच करायचं काम चालू आहे. पाव रस्त्यावर टेबल मांडून विकतात. झाकारियास माळ्याच्या तुळया बसवतोय, कारण त्याचा डोळा सरळ आहे हे आता सगळ्यांना कळलंय. एर्मेलिंदा खालून सूचना देतात आणि तो वरून उत्तरं देतो. काल एक फळी त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर पडली. दोघांचं म्हणणं वेगवेगळं आहे.

आयोगाच्या नियमाने राहिलेल्या प्रत्येक घरावर पुराची रेषा रंगवायची असते. बेकरीची मी स्वतः रंगवली. पुढच्या खांबावर, जुन्या जमिनीपासून सत्त्याण्णव सेंटिमीटरवर, निळी. एर्मेलिंदा आल्या, रेषेकडे बघितलं, आणि रेषेखाली हाताची चार बोटं आडवी धरून खांबाला न लावता बघितली. मग हात खाली घेतला आणि म्हणाल्या, "हं." आणि पाव विकायला गेल्या.

पावाची रांग खांबाजवळून जाते आणि इथे लोकांना रांगेत टेकायची सवय आहे. म्हणून रंग वाळेपर्यंत मी खांबापाशी उभा राहिलो.

दोन तास लागले. हवा दमट होती.